विश्लेषण : एकदम ३६ गाड्या मागवून कंपनीलाच अटी घालणारा ग्राहक... कोण होते एमिल येलिनेक?

ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, देशभर गाजले ते एका खरेदीमुळे. शहरातील उद्योजक, बांधकाम व्यावसायिक आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात तब्बल १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. व्यवहार ६५ कोटी रुपयांच्या घरातला. गाडीमागे सरासरी ४३ लाख. शहराच्या वेशीवर शेंद्रा एमआयडीसीत ऑडीची जुळणी होत होती आणि मर्सिडीजचा कारखाना होता पुण्याजवळ चाकणला. तरी पसंती मर्सिडीजला मिळाली.

एकेकट्याने शोरूम गाठण्यापेक्षा गटाने गेले तर शब्दाला वजन येते, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. त्याचा मोठा लाभ कर्जात दिसला. रकमेचा मोठा हिस्सा स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने दिला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी मिळणारे कर्ज याहून बरेच महाग होते आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी हे दोन्ही दर शेजारी शेजारी ठेवून लिहिल्यावर कौतुकाच्या बातमीचा सूर बदलला. सौदा कोणी, किती आणि कोणाच्या जोरावर केला, हा प्रश्न तेव्हापासून या खरेदीला चिकटला आहे.

पण घाऊक ऑर्डरच्या जोरावर मर्सिडीजची घासाघीस करण्याचा प्रकार या शहराने सुरू केला नाही. तो मर्सिडीज या नावाइतकाच जुना आहे. खरे तर हे नावच एका सौद्यातून आले. तो सौदा १९०० मध्ये झाला आणि तो करणारा माणूस इंजिनीअर नव्हता, कारखानदारही नव्हता. तो ग्राहक होता.

येलिनेक यांची सुरुवात कशी झाली?

एमिल येलिनेक यांचा जन्म ६ एप्रिल १८५३ रोजी जर्मनीतील लाइपझिग येथे झाला. वडील अॅडॉल्फ हे नावाजलेले ज्यू धर्मगुरू आणि विद्वान. एमिल लहान असतानाच कुटुंब व्हिएन्नाला गेले. घर अभ्यासू होते. एक भाऊ गेऑर्ग पुढे राज्यघटनेचे मोठे अभ्यासक म्हणून युरोपभर ओळखले गेले, दुसरे मॅक्स हेर्मान भाषाशास्त्रज्ञ झाले. एमिल यांचे मात्र पुस्तकांशी जमले नाही. एकामागून एक शाळा सुटत गेल्या.

अखेर सतराव्या वर्षी वडिलांनी त्यांना एका रेल्वे कंपनीत कारकून म्हणून चिकटवले. ती नोकरी दोनेक वर्षे टिकली. रात्री रेल्वेच्या शर्यती लावण्याचा त्यांचा उद्योग वरिष्ठांना कळला आणि घरचा रस्ता दाखवण्यात आला. वेगाचे वेड असे मोटारगाडी जन्माला येण्याच्या आधीपासूनचे होते.

त्यानंतर वडिलांच्या ओळखी कामी आल्या. येलिनेक मोरोक्कोत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वकिलातीत लागले, टँजियर आणि तेतुआन येथे. तेतुआनमध्ये त्यांची भेट रेचल यांच्याशी झाली, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. अल्जीरियातील ओरान येथे ते उपवाणिज्यदूत होते आणि त्याच काळात सासऱ्यांसोबत अल्जीरियाचा तंबाखू युरोपात विकत होते. जोडीला एका फ्रेंच विमा कंपनीचे काम. विम्याच्या धंद्यातून आणि शेअर बाजारातून पैसा आला. १६ सप्टेंबर १८८९ रोजी त्यांना तिसरे अपत्य झाले, मुलगी. तिचे नाव ठेवले मर्सेदेस. हे स्पॅनिश नाव, अर्थ कृपा किंवा दया असा. १८९३ मध्ये रेचल गेल्या. मुलीचे नाव आपल्याला लाभते, अशी येलिनेक यांची पक्की समजूत होती. पुढे घर, बोटी, गाड्या, जे जे हाती लागले त्याला त्यांनी हेच नाव दिले.

गाडीचा ग्राहक विक्रेता कसा झाला?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात हिवाळा घालवायला तेव्हा युरोपातील राजघराण्यातली आणि बँकांच्या मालकांची मंडळी येत. येलिनेक तिथेच स्थिरावले. विमा आणि शेअरमुळे या लोकांशी ऊठबस होतीच. मोटारगाडी हे त्या काळात श्रीमंतांचे नवे खेळणे होते आणि येलिनेक यांनी तीनचाकीपासून बेंझपर्यंत एकेक गाडी घेऊन पाहिली होती. कोणतीच मनासारखी पळेना.

मग एका जर्मन साप्ताहिकात त्यांनी डाइम्लर कंपनीची जाहिरात पाहिली. ते थेट स्टुटगार्टजवळच्या कानस्टाट येथील कारखान्यात गेले आणि गाडी मागवून आले. ऑक्टोबर १८९७ मध्ये ती मिळाली. दोन सिलिंडर, सहा अश्वशक्ती, ताशी २४ किलोमीटर. येलिनेक यांना हा वेग पटला नाही. त्यांनी ताशी ४० किलोमीटरच्या गाड्या मागितल्या. कंपनीला ते धाडसाचे वाटत होते, पण येलिनेक हटले नाहीत आणि सप्टेंबर १८९८ मध्ये चार सिलिंडरच्या दोन फिनिक्स गाड्या त्यांच्या हाती आल्या.

या गाड्या त्यांनी नीसमधल्या ओळखीच्यांना दाखवल्या, चालवायला दिल्या आणि विकल्या. १८९९ मध्ये कंपनीने त्यांना १० गाड्या पाठवल्या, १९०० मध्ये २९. मोटारी बोटांवर मोजाव्या इतक्या बनत, त्या काळातले हे आकडे आहेत. एक ग्राहक बघता बघता कंपनीचा सर्वात मोठा विक्रेता होऊन बसला. आणि सर्वात कटकटी ग्राहकही. गाडीत दोष दिसला की कारखान्याला तिखट शब्दांत तारा जात. आजच्या ग्राहक मंचाला काम मिळाले नसते, येलिनेक एकटे पुरेसे होते.

विक्रीचे त्यांचे मुख्य साधन म्हणजे शर्यत. नीसमध्ये दर मार्चमध्ये शर्यतींचा आठवडा भरे. घराण्याचे नाव झाकण्यासाठी प्रतिष्ठित लोक टोपणनावाने उतरत. रॉथशिल्ड घराण्यातील बॅरन हेन्री डॉक्टर पास्कल या नावाने धावत. येलिनेक यांनी १८९९ मध्ये नाव घेतले मिस्टर मर्सेदेस. तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती.

सौद्याची वेळ कशी आली?

मार्च १९०० हा डाइम्लर कंपनीसाठी वाईट महिना ठरला. ६ मार्चला संस्थापक गॉटलिब डाइम्लर यांचे निधन झाले. ३० मार्चला नीस ते ला टर्बी या घाटाच्या शर्यतीत कंपनीचे फोरमन विल्हेल्म बाउअर यांची फिनिक्स गाडी पहिल्याच वळणावर खडकावर आदळली. बाउअर यांचा त्यात जीव गेला. शर्यतीतून कायमचे बाहेर पडावे, असा सूर कंपनीत निघू लागला.

तांत्रिक बाजू समजून घ्यायला हवी, कारण सौद्याचा गाभा तिच्यातच आहे. फिनिक्स गाडी उंच आणि आखूड होती. त्यात वर जड इंजिन. गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर, तितकी ती वळणावर बाहेरच्या बाजूला कलंडते. कन्नडच्या घाटातून उसाचा भरलेला ट्रक वळताना पाहिला आहे, त्याला हे सूत्रात मांडून सांगावे लागत नाही. फिनिक्सला ताकद वाढवून दिली, पण अंगकाठी घोडागाडीचीच राहिली होती.

येलिनेक यांचे निदान नेमके हेच होते. दोष वेगाचा नाही, आकाराचा आहे. त्यांना गाडी लांब, रुंद आणि ठेंगणी हवी होती. इंजिन जोरदार पण हलके हवे होते. दु:खात आणि गोंधळात असलेल्या कंपनीला केवळ सल्ला देऊन हे होणार नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून ते सल्ला घेऊन गेले नाहीत. ऑर्डर घेऊन गेले.

३६ गाड्यांच्या बदल्यात काय मागितले?

एप्रिल १९०० च्या सुरुवातीला, बाउअर यांच्या अपघाताला आठवडाही झाला नसताना, येलिनेक आणि कंपनीत विक्रीचा करार झाला. त्यानंतर पंधरवड्यात त्यांनी ३६ गाड्या मागवल्या. एकूण किंमत ५ लाख ५० हजार मार्क, गाडीमागे १५ हजारांहून थोडी अधिक. काही आठवड्यांनी आणखी ३६ गाड्यांची दुसरी ऑर्डर गेली. कोणत्याही कारखान्याला नाही म्हणणे अवघड व्हावे, अशी ही रक्कम होती.

या सौद्यातली विशेष गोष्ट अशी की त्याचा भर किमतीवर नव्हता. घासाघीस म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सूट येते. येलिनेक यांनी आपले वजन दुसरीकडे वापरले.

पहिली अट इंजिनाची. नवे इंजिन तयार करायचे आणि ते त्यांच्या कल्पनेतल्या ठेंगण्या गाडीत बसवायचे. ही जबाबदारी डाइम्लर यांचे जुने सहकारी आणि मुख्य अभियंता विल्हेल्म मायबाख यांच्यावर आली.

दुसरी अट प्रदेशाची. ऑस्ट्रिया-हंगेरी, फ्रान्स, बेल्जियम आणि अमेरिका, इथे गाड्या विकण्याचा हक्क फक्त येलिनेक यांचा. म्हणजे ७२ गाड्या घेताना त्यांनी आपले गिऱ्हाईक आधीच राखून ठेवले. धोका त्यांचा, पण नफ्यात वाटेकरी नाही.

तिसरी अट नावाची. नव्या इंजिनाचे नाव डाइम्लर-मर्सेदेस. वरवर पाहता हे बापाचे लाड वाटतात आणि काही प्रमाणात ते होतेही. पण त्यात व्यापारी डोके होते. फ्रान्समध्ये डाइम्लर इंजिनांचे हक्क पाँहार-लेव्हासर या कंपनीकडे होते, त्यामुळे तिथे डाइम्लर नावाने गाडी विकणे अडचणीचे ठरले असते. शिवाय १८७१ च्या पराभवानंतर फ्रेंच माणसाला जर्मन नावाची गाडी दारात उभी करणे फारसे रुचणारे नव्हते. मर्सेदेस हे नाव ना जर्मन, ना फ्रेंच. उच्चाराला सोपे, कानाला गोड.

मायबाख यांनी या अटींचे काय केले, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. त्यांनी ५.९ लिटरचे, ३५ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन बनवले आणि ते पत्र्याच्या दाबून घडवलेल्या सांगाड्यात खाली बसवले. ताकद वाढली की उष्णता वाढते आणि जुन्या गाड्यांना थंड राहण्यासाठी भरमसाट पाणी वागवावे लागे. मायबाख यांनी सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० बारीक नळ्या एकमेकींना जोडून मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. नळ्यांतून वारा जातो, फटींतून पाणी. कमी पाण्यात अधिक गारवा, आणि वजन खाली आले ते वेगळेच. गाडीच्या तोंडावरची जाळी ही मर्सिडीजची ओळख झाली ती इथून.

ऑर्डरचे पैसे वसूल झाले का?

पहिली गाडी २२ डिसेंबर १९०० रोजी येलिनेक यांच्याकडे पोचली. फेब्रुवारी १९०१ मध्ये फ्रान्समधील पो येथे ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि यांत्रिक बिघाडाने लगेच बाद झाली. ७२ गाड्या अंगावर घेतलेल्या माणसाची त्या दिवशीची अवस्था काय असेल, याचा अंदाज बांधता येतो.

महिनाभराने, २५ ते २९ मार्चदरम्यान, नीसचा आठवडा आला. ३९२ किलोमीटरची लांब पल्ल्याची शर्यत विल्हेल्म वेर्नर यांनी मर्सेदेसवर जिंकली, सरासरी वेग ताशी ५८ किलोमीटर. मग ला टर्बीचा तोच घाट. आधीचा सरासरी वेग ताशी ३१.३ किलोमीटर होता, मर्सेदेसने तो ५१.४ वर नेला. एका वर्षापूर्वी जिथे बाउअर गेले, तिथे ठेंगणी गाडी वळणे घेत वर पोचली. फ्रेंच ऑटोमोबाइल क्लबचे सरचिटणीस पॉल मेयाँ यांनी मोटारींच्या जगात मर्सेदेसचे युग सुरू झाल्याचे जाहीर करून टाकले. स्पर्धक कंपन्यांनी मायबाख यांच्या मांडणीची नक्कल सुरू केली. पुढे इंजिन, मागे चालणारी चाके, लांब ठेंगणा सांगाडा, असा मोटारगाडीचा साचा तिथून पक्का होत गेला.

डाइम्लर कंपनीने १९०२ मध्ये मर्सेदेस नावाची नोंदणी केली. जूनमध्ये अर्ज, सप्टेंबरमध्ये कायदेशीर संरक्षण. पुढच्या वर्षी येलिनेक यांनी सरकारी परवानगीने स्वत:चेच आडनाव बदलून येलिनेक-मर्सेदेस करून घेतले. बापाने लेकीचे नाव लावल्याची अशी उदाहरणे फार नसतील.

आज अशी घासाघीस करता येते का?

या प्रश्नाचे उत्तर मागच्या काही वर्षांत बदलले आहे. गाडीच्या किमतीतला जीएसटी आणि आरटीओचा कर यावर कोणाचीच घासाघीस चालत नाही. पूर्वी जागा होती ती डीलरच्या नफ्यात, म्हणूनच २०१० सारखा गट एकत्र आला की दबाव पडायचा. ऑक्टोबर २०२१ पासून मर्सिडीज-बेंझ इंडियाने विक्रीची पद्धत बदलली. गाड्यांचा साठा आता कंपनीच्या मालकीचा असतो, बिल कंपनी देते आणि किंमत देशभर एक. डीलर गाडी दाखवतो, ताबा देतो, सर्व्हिसिंग करतो. संभाजीनगर आणि पुणे अशा दोन शोरूममध्ये भाव काढून एकाला दुसऱ्यावर घालण्याचा जुना डाव त्यामुळे मोडला.

उरते ते व्याजदर, विम्याचा हप्ता, जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत आणि वाढीव वॉरंटी. लीजवर गाडी घ्यायची तर मुदत संपल्यावर गाडीची किंमत किती धरली आहे, हा आकडा आधी विचारावा. तो जितका जास्त, तितका महिन्याचा हप्ता कमी. येलिनेक यांनीही छापील किमतीच्या मागे न लागता तिच्या आजूबाजूच्या अटी पकडल्या होत्या. फक्त आजचा ग्राहक इंजिन बदलून मागू शकत नाही.

कंपनीशी का बिनसले?

यश आल्यावर तारांचा तिखटपणा कमी झाला नाही. येलिनेक यांना प्रत्येक हंगामात नवी, वेगवान गाडी हवी असे आणि कारखाना आपल्या गतीने चाले. त्यांना मानणारे मायबाख १९०७ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. आता कारखान्यात त्यांची बाजू घेणारे कोणी उरले नव्हते. कंपनीला एका माणसाच्या हाती सगळा बाजार असणे खुपत होते, आणि तसे पाहिले तर तिचेही चुकत नव्हते. नऊ वर्षांपूर्वी जो करार दोघांच्या फायद्याचा होता, तो एकाला जाचक वाटू लागला होता. १९०९ पर्यंत येलिनेक मोटारींच्या धंद्यातून पूर्ण बाजूला झाले.

पैसा भरपूर होता. नीसमध्ये बंगला, फ्रान्समध्ये हॉटेले. शाळा न झालेला मुलगा ऑस्ट्रिया-हंगेरीचा महावाणिज्यदूत म्हणून मिरवू लागला. हे पद त्यांना मोटारींइतकेच प्रिय होते. तेच पुढे अंगाशी आले.

शेवट कसा झाला?

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा येलिनेक शत्रू देशाचे नागरिक ठरले, तेही शत्रू देशाचे जुने अधिकारी. जन्म जर्मनीत, नागरिकत्व ऑस्ट्रियाचे, घरदार फ्रान्समध्ये आणि दुसरी पत्नी फ्रेंच. फ्रान्समध्ये त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला आणि तिथली मालमत्ता जप्त झाली. ज्या माणसाने दोन देशांमधल्या वैरातून वाट काढण्यासाठी गाडीला कुठल्याच देशाचे न वाटणारे नाव दिले होते, त्याला स्वत:साठी तशी वाट सापडली नाही. ते तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये गेले. जिनिव्हा येथे २१ जानेवारी १९१८ रोजी, युद्ध संपायला दहा महिने असताना, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९२६ मध्ये डाइम्लर आणि बेंझ या कंपन्या एकत्र आल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव रूढ झाले. त्यात बेंझ हे संस्थापकाचे नाव आहे, डाइम्लर यांचे नाव गाडीवर उरले नाही. मर्सेदेस येलिनेक तेव्हा व्हिएन्नात राहत होत्या. दोन विवाह झाले, युद्धानंतर हलाखीचे दिवस आले. मोटारींची त्यांना वडिलांसारखी ओढ कधी नव्हती. १९२९ मध्ये, ३९ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.